गवताचा भारा आणि ‘ॲब्यूज’ : एका इंग्रजी शब्दाची यवतमाळातील गोष्ट

१/ आजचा थ्रेड एका इंग्रजी शब्दाविषयी आहे : ‘ॲब्यूज’. वस्तूचा, अधिकाराचा किंवा माणसाचा अनुचित वापर, हा त्याचा शब्दकोशातील अर्थ. परंतु उचित काय आणि अनुचित काय, हे कोण ठरवते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या जंगलात जावे लागेल. तेथे १० जुलै १९३० रोजी एका नामवंत वकिलाने राखीव जंगलातील गवत कापले आणि चोरीच्या आरोपाखाली सहा महिन्यांची शिक्षा भोगली.

२/ हे वकील म्हणजे माधव श्रीहरी तथा बापूजी अणे. जन्म १८८० सालचा, वणीचा, वकिली यवतमाळात. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी, संस्कृतचे व्यासंगी आणि विदर्भातील काँग्रेसचे अग्रणी. लोक त्यांना ‘लोकनायक’ म्हणत. अशा माणसाला कोणी गवतचोर म्हणेल, ही कल्पनाच हास्यास्पद वाटते. तरीही कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे न्यायालयाची चूक दाखवणे सोपे नव्हते. ते का, हे समजण्यासाठी आधी शब्दाकडे पाहू.

३/ ‘ॲब्यूज’ला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. अधिकाराच्या संदर्भात आपण ‘गैरवापर’ किंवा ‘दुरुपयोग’ म्हणतो. तोंडाने केला तर ती ‘शिवीगाळ’, दुर्बलावर केला तर ‘अत्याचार’, अमली पदार्थांच्या बाबतीत ‘व्यसन’. पैशाच्या बाबतीत इंग्रजी निराळा शब्द योजते आणि आपण ‘अपहार’ म्हणतो. ‘मिसयूज’ हा त्याचा सौम्य भाऊबंद : हत्यार चुकीच्या पद्धतीने वापरले तर तो ‘मिसयूज’, त्यात केवळ अज्ञानही असू शकते. ‘ॲब्यूज’मध्ये मात्र मर्यादा ओलांडल्याचा ठपका असतो.

४/ मर्यादा कोणाची, याचे उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे. लॅटिनमध्ये ‘उती’ म्हणजे वापरणे. त्याला ‘अब’ हा उपसर्ग लागून ‘अबुती’ झाले. त्याचा एक मूळ अर्थ अगदी साधा होता : वापरून संपवणे. धान्य खाल्ले, तेल जाळले, लाकूड पेटवले की ती वस्तू उरत नाही. त्यात निंदा असेलच असे नाही. ‘वाईट वापर’ ही छटा त्याच शब्दाला होती. पुढे तीच ठळक झाली आणि इंग्रजीत तीच उरली.

५/ रोमन कायद्याच्या नंतरच्या भाष्यकारांनी मालकी हक्काचे तीन भाग सांगितले. ‘उसुस’ : वस्तू वापरण्याचा हक्क. ‘फ्रुक्तुस’ : तिची फळे घेण्याचा हक्क. आणि ‘अबुसुस’ : ती संपवण्याचा, विकण्याचा, प्रसंगी नष्ट करण्याचाही हक्क. पहिले दोन हक्क दुसऱ्याला देता येतात. तिसरा ज्याच्याकडे असतो तो खरा मालक. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण गुन्ह्याची शंका व्यक्त करतो, तोच शब्द एकेकाळी मालकाची खूण होता.

६/ हे फार परके वाटत असेल तर घरचा सातबारा काढून पाहा. त्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असते. दोघेही जमीन कसतात, दोघेही पीक घेतात. परंतु वर्ग २ च्या भोगवटादाराला ती जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. विकली तर ‘शर्तभंग’ ठरतो. एकच व्यवहार एकाच्या हातून हक्क आणि दुसऱ्याच्या हातून भंग ठरतो. कृती तीच, फरक कागदावरच्या नोंदीचा.

७/ ही कसोटी आता जंगलाला लावून पाहू. इंग्रजांच्या आधी जंगले सर्वांना मोकळी होती, असे समजणे भाबडेपणाचे होईल. राजसत्ता सागवानासारख्या वृक्षांवर हक्क सांगत, चराईवर कर घेत. मात्र वापरासंबंधीची दृष्टी निराळी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी सूचना आहेत. प्रजेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. तेथे दुरुपयोगाची शंका राज्याच्या नोकरांविषयी आहे, प्रजेविषयी नाही.

८/ एकोणिसाव्या शतकात ही शंका उलट दिशेला वळली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी, इमारतींसाठी लाकूड हवे होते. १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कठोर. या दुसऱ्या कायद्याआधी इंग्रज अधिकाऱ्यांतच वाद झाला. तो वाद झाडांचा असला तरी लढला गेला शब्दांवर.

९/ बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे असे की, पड जमीन व जंगल यांचा धनी सरकार. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या गवत, सरपण नेत असले तरी तो ‘हक्क’ नव्हे. सरकारने हरकत घेतली नाही, एवढेच. वनखात्याचे प्रमुख डिट्रिख ब्रँडिस यांचे मत मवाळ होते : दीर्घ वहिवाटीतून निर्माण झालेले हक्क मान्य करावेत, गावांसाठीही जंगले राखावीत. कायद्यात सरशी झाली ती मुख्यतः पहिल्या विचाराची.

१०/ येथे थोडे थांबू, कारण पुढचा सगळा इतिहास या एका पायरीवर उभा आहे. गवत नेणे हा ‘हक्क’ असेल तर सरकारने अडवणे हा अधिकाराचा गैरवापर. तेच गवत नेणे ही ‘सवलत’ असेल तर सवलतीपलीकडे नेलेली प्रत्येक पेंडी हा शेतकऱ्याचा गैरवापर. विळा तोच, गवत तेच, माणूसही तोच. शब्द बदलला आणि आरोपी बदलला.

११/ हा बदल लोकांच्या लक्षात आला नव्हता असे मुळीच नाही. १८७८ च्या कायद्याविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने निवेदन केले होते. महात्मा फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांची काय दशा झाली, यावर कठोर शब्दांत लिहिले आहे. सार्वजनिक सभा आणि फुले यांचे फार थोड्या प्रश्नांवर जुळत असे. हा त्यांतला एक.

१२/ आता वऱ्हाड. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला, त्यातील पुसद तालुका याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वऱ्हाडातील जंगलांचे सरकारने वर्ग पाडले होते. ‘ए’ वर्ग इमारती लाकूड व सरपणासाठी, ‘बी’ वर्गात गवताचे रमणे व बाभूळबने, ‘सी’ वर्ग चराईसाठी. वर्गांची ही अक्षरे अजून जिवंत आहेत. आमच्याकडे गावच्या गायरानाला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना अक्षर कुठून आले याची कल्पना नसते.

१३/ वर्ग पाडले की त्यांच्या सीमा येतात, आणि सीमा आल्या की त्या ओलांडणारेही येतात. १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमानुसार राखीव जंगलात शिरणे, गुरे चारणे, झाड तोडणे हे गुन्हे ठरले. चुकून शिरलेल्या गायीची रवानगी कोंडवाड्यात. ६८ व्या कलमाने वन अधिकाऱ्याला एक सोयही दिली : संशयिताकडून रक्कम घेऊन प्रकरण तेथेच मिटवता येई. यवतमाळच्या गोंड, कोलाम व कुणबी कुटुंबांना ‘गैरवापर’ हा शब्द माहीत नसेल. परंतु नाकेदार आणि कोंडवाडा त्यांना चांगलेच ठाऊक होते.

१४/ १९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह सुरू केला. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहीहंडा येथे खाऱ्या पाण्याच्या विहिरींतून मीठ काढून कायदा मोडला गेला. परंतु सर्व वऱ्हाडाला पुरेल असे ते साधन नव्हते. पावसाळा सुरू झाला, रानात गवत वाढले आणि प्रत्येक गावाला कळेल असा कायदा समोर दिसू लागला. मिठावरील कर लोकांना जाचत होता. चराईचा जाच तर रोज दारातल्या गुरांच्या डोळ्यांत दिसत होता.

१५/ १० जुलैला बापूजी अण्यांनी पुसदजवळ गवत कापले व त्यांना अटक झाली. २१ जुलैला यवतमाळजवळच्या लोहारा जंगलात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांच्या तुकडीने सत्याग्रह केला. त्यांना भारतीय दंड संहितेच्या कलम ११७ खाली सहा महिने आणि कलम ३७९ खाली तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. कलम ११७ हे लोकसमुदायाला गुन्ह्यासाठी चिथावण्याचे, तर ३७९ चोरीचे. पुढे ज्यांच्या राजकीय वाटा पूर्णपणे वेगळ्या झाल्या, अशी माणसे त्या पावसाळ्यात एकाच प्रकारच्या गवतासाठी तुरुंगात होती.

१६/ वनकायदा हाताशी असताना चोरीचे कलम कशाला? आणि उभे गवत कापणे ही चोरी होते तरी कशी? याचे उत्तर दंड संहितेच्या ३७८ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. जमिनीला चिकटलेली वस्तू जंगम मालमत्ता नसते, म्हणून तिची चोरी होऊ शकत नाही. परंतु ती जमिनीपासून तुटताच चोरीचा विषय होण्यास पात्र ठरते. उदाहरणही दिले आहे : दुसऱ्याच्या जमिनीवरील झाड नेण्याच्या हेतूने तोडले, की तोडले त्याच क्षणी चोरी घडली. विळ्याचा एक झटका बसेपर्यंत माणूस निर्दोष, नंतर चोर.

१७/ कोणी म्हणेल, सत्याग्रही तर दिवस जाहीर करून, दिवसाढवळ्या, पोलिसांदेखत गवत कापत होते. यात अप्रामाणिकपणा कोठे आला? परंतु कायद्यातील ‘अप्रामाणिकपणे’चा अर्थ लपूनछपून असा नाही. एकाला गैर लाभ किंवा दुसऱ्याला गैर हानी करण्याचा हेतू, एवढाच तो आहे. आणि ‘गैर लाभ’ म्हणजे ज्यावर कायदेशीर हक्क नाही त्या मालमत्तेचा बेकायदा मार्गाने लाभ. हक्क नाही, हे जंगलाच्या कायद्याने आधीच ठरवून टाकलेले. वर्तुळ पूर्ण.

१८/ आता सर्वांत महत्त्वाचा शब्द. चोरीच्या व्याख्येत ‘मालकी’ नाही, ‘ताबा’ आहे. कोणाच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिकपणे नेणे म्हणजे चोरी. सरकारला गवताचा मालक असल्याचे सिद्ध करण्याची गरजच नव्हती. ताबा दाखवला की पुरे. न्यायालयाची चूक दाखवणे सोपे नव्हते असे मी आरंभी म्हटले, ते यासाठी.

१९/ ही गरज पडली असती, तर मात्र सरकारपुढे मोठा पेच उभा राहिला असता. कारण वऱ्हाड हा इंग्रजांच्या मालकीचा प्रदेशच नव्हता! १८५३ च्या तहाने निजामाने तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या हवाली केला होता. खर्च भागून उरलेली रक्कम निजामाला परत द्यायची होती. सार्वभौमत्व निजामाचेच. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने दर वर्षी २५ लाख रुपये देण्याच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. १९०३ मध्ये त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला.

२०/ हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. १९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी पुन्हा मागणी केली. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने ती फेटाळली. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, तिच्याशी कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही, असा त्या पत्राचा सूर होता. म्हणजे मालकी कोणाची, या प्रश्नाला उत्तर मिळाले ते ताब्याच्या भाषेत.

२१/ आता लॅटिनमधील ते तीन शब्द पुन्हा आठवा. वऱ्हाडात इंग्रजांकडे तहाप्रमाणे होते ते वापरणे आणि उत्पन्न घेणे : ‘उसुस’ आणि ‘फ्रुक्तुस’. तरी सागवान तोडण्याचा, विकण्याचा, संपवण्याचा ‘अबुसुस’ सरकारने स्वतःकडे घेतला. ज्या शेतकऱ्याकडे पिढ्यांची वहिवाट होती, त्याचे मूठभर गवत मात्र ‘ॲब्यूज’ ठरले. एका पट्टेदाराने, दुसऱ्याच्या जमिनीवर, तिसऱ्याला चोर ठरवले. जंगल सत्याग्रहाने हे सगळे वाद न्यायालयात मांडले नाहीत. त्याने फक्त विळा उचलला आणि कायद्याला आपली व्याख्या उघडपणे उच्चारायला लावली.

२२/ हे लोण झपाट्याने पसरले. सप्टेंबर १९३० मध्ये रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे आणि ऑक्टोबरमध्ये शिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. माणसे मारली गेली. सांगलीकडील बिळाशीतही जंगल सत्याग्रह गाजला. पुसदचा प्रसंग त्या मानाने शांत होता. तेथे गोळी सुटली नाही, म्हणून पाठ्यपुस्तकात त्याला एखादी ओळ मिळते.

२३/ परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. अण्यांचे गवत आपल्याला ठाऊक आहे, कारण ते जाहीर करून कापले गेले. १० जुलैच्या आधी आणि नंतर त्याच जंगलात कित्येक बायामाणसांनी सरपणाची मोळी नेली, पकडले गेल्यावर हातापाया पडून किंवा रक्कम भरून सुटका करून घेतली. त्यांचे प्रकरण तेथेच मिटले. मिटलेल्या प्रकरणाचा खटला होत नाही, खटला नाही म्हणून निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणून इतिहासात नाव नाही.

२४/ बापूजी अणे पुढे १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी काम केले आणि १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल होते. गवताच्या चोरीत शिक्षा झालेला माणूस राज्यपाल झाला. परंतु १९२७ चा वन कायदा मात्र होता तेथेच राहिला. तो आजही लागू आहे.

२५/ या कायद्याने शब्दांशी केलेला आणखी एक खेळ सांगितला पाहिजे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. कायद्याच्या व्याख्येत मात्र बांबू ‘झाड’ होता. म्हणून स्वतःच्या शेतातील बांबू तोडून नेणेही परवान्याच्या कचाट्यात सापडे. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. गवताला गवत म्हणायला ९० वर्षे लागली.

२६/ खरा बदल आला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. आदिवासी व पारंपरिक वननिवासी यांच्यावर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली त्याच्या प्रास्ताविकातच आहे. गौण वनउपज गोळा करणे, चराई, सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन यांना त्याने ‘हक्क’ म्हटले. सव्वाशेहून अधिक वर्षे ‘सवलत’ या खणात अडकलेला व्यवहार पुन्हा ‘हक्क’ या खणात आला. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी भागातील गोंड-कोलाम वस्त्यांसाठी हा केवळ शब्दांचा फेरफार नव्हे. तेंदूच्या हंगामाचे पैसे, गुरांचा चारा आणि रात्रीची झोप त्यावर अवलंबून असते.

२७/ एक सावधगिरीही बाळगू. जंगलाचा दुरुपयोग ही केवळ सरकारी कल्पना आहे, असा निष्कर्ष यातून काढू नका. अतिचराईने डोंगर उघडे पडतात, चोरटी तोड होते, रान खरोखर संपते. टिपेश्वरच्या वाघालाही जागा हवी आहे. म्हणूनच वनहक्क कायद्याने ग्रामसभेवर जंगल राखण्याची जबाबदारीही टाकली आहे. मर्यादा हवीच. प्रश्न असा आहे की ती आखताना रानाजवळ राहणारा माणूस त्या बैठकीत होता का.

२८/ १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचे कलम आता ३०३. व्याख्येचा गाभा तोच : संमतीवाचून, अप्रामाणिकपणे, ताब्यातून. म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘गैरवापर’, ‘दुरुपयोग’, ‘अतिक्रमण’ हे शब्द वाचाल तेव्हा लगेच कोणाची बाजू घेऊ नका. आधी एवढेच विचारा : वापर कोणाचा, मर्यादा कोणी आखली, आणि आखणाऱ्याकडे तो अधिकार कोठून आला?

२९/ तुमच्या गावाच्या शिवारात रमणा, बाभूळबन, ई-क्लास किंवा कोंडवाडा यांच्या खुणा असतील, तर घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी जरूर विचारा. त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. मिटवलेल्या प्रकरणांचा इतिहास लिहायचा तर तो अशाच आठवणींतून लिहावा लागेल.

थ्रेड समाप्त.